आढळले नाहीत

आमच्या लॅबमध्ये नुसतं ‘नाही’ असं लिहायला बंदी होती. तुम्ही म्हणाल, आजी काहीतरीच सांगतात. पण खरंच होती, आणि ती बंदी मी मोडली, म्हणून आज हे लिहायला बसले आहे. तोंडाने सांगताना मध्येच थांबता येत नाही. लिहिताना निदान पेन खाली ठेवता येतं.

शनिवार पेठेत तळमजल्यावर दोन खोल्यांची लॅब. बाहेर एक बाकडं आणि रक्त काढायची खुर्ची, आत बेसिन, काचेची कपाटं आणि खिडकीपाशी मायक्रोस्कोप. मी तिथे लागले ती काचा धुवायला. आमचे हे गेले तेव्हा मुलगा तिसरीत होता आणि माझं शिक्षण सातवी, तेही चंद्रपूरकडच्या शाळेतलं. काचा धुवायला सातवीसुद्धा लागत नाही. रक्ताचा थेंब पसरून, रंग देऊन ज्या पट्टीवर तपासतात, ती ही काच. तपासून झालं की माझ्याकडे यायची. साबणाच्या पाण्यात भिजवायची, कापसाने पुसायची, उन्हात उभी करायची.

डॉक्टर म्हातारे होते. बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला हे घरी गेल्यावर कळावं. एकदा ते बाहेर पेशंटशी बोलत होते आणि मी धूळ पुसता पुसता मायक्रोस्कोपला डोळा लावला. मागे वळते तर डॉक्टर दारात उभे. मला वाटलं, गेली नोकरी.

“काय दिसतंय बाई?”

“गुलाबी गोल गोल आहेत. मधेच जांभळे ठिपके.”

“गुलाबी त्या तांबड्या पेशी. जांभळ्या त्या पांढऱ्या.”

“जांभळ्यांना पांढऱ्या का म्हणायचं?”

“आम्ही शिकलेले लोक आहोत ना, म्हणून.” आणि खुर्ची पुढे सरकवली. “बसा. उभ्याने पाठ दुखेल.”

असं माझं शिक्षण सुरू झालं. आधी काच रंगवायला शिकले, मग बघायला. सगळ्यात जास्त शिकले ती हिवतापाची काच. त्या भिंगातून एका वेळी काचेचा जेवढा गोल तुकडा दिसतो त्याला फील्ड म्हणतात. एक फील्ड बघायचं, काच केसभर सरकवायची, दुसरं बघायचं. शंभर फील्ड झाल्याशिवाय उठायचं नाही. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत अंगठीसारखा दिसतो, निळी कडी आणि तिच्यावर लाल खडा. पहिली अंगठी मला सापडली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर बसलेल्या पेशंटने विचारलं, काय झालं? डॉक्टर म्हणाले, “काही नाही. बाईंचं सोनं सापडलं.”

सही अर्थात त्यांचीच. पण आधी मी बघायचे, पेन्सिलने वहीत लिहायचे, मग ते बघायचे. एकदा एका काचेत मला काही सापडलं नाही म्हणून मी लिहिलं, ‘जंतू नाहीत.’ त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

“बाई, तुम्ही या माणसाच्या अंगात फिरून आलात का?”

“नाही.”

“मग जंतू नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काचेत दिसले नाहीत.”

“मग तेवढंच लिहा. आढळले नाहीत. तुम्हाला, या काचेत, आज आढळले नाहीत. तो जंतू आणखी कुठे लपून बसलाय, हे त्यालाच माहीत.”

मी खोडलं आणि लिहिलं, ‘आढळले नाहीत.’ त्यानंतर कितीतरी वर्षं मी तेच लिहिलं. घरातसुद्धा सवय लागली. मुलगा विचारायचा, आई, डब्यात लाडू आहेत का? मी म्हणायचे, मला आढळले नाहीत. तो म्हणायचा, म्हणजे तू नीट शोधले नाहीस.

डॉक्टर गेले. त्यांच्या पुतण्याने लॅब चालवायला घेतली. भला माणूस, मला मावशी म्हणायचा. त्याने आल्या आल्या दोन गोष्टी आणल्या, एक कॉम्प्युटर आणि दुसरं कार्ड. तेव्हा पुण्यात जो तो काहीतरी नवीन आणत होता. हिंजवडीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी सातलाच कंपनीच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागायच्या. माझा मुलगाही त्यातल्याच एका गाडीत बसायचा.

कार्ड म्हणजे हिवतापाची झटपट तपासणी. बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी. एका खिडकीत रक्ताचा थेंब टाकायचा, वरून औषधाचे थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर कार्ड ठीक चाललंय आणि हिवताप सापडला नाही. दोन रेघा उमटल्या तर सापडला. रंग नको, भिंग नको, शंभर फील्ड नकोत.

“मावशी, आता डोळे फोडायला नकोत,” नवे डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, “डोळे माझे आहेत, फोडू द्या.”

पहिल्याच महिन्यात एक गवंडी आला, हिंजवडीच्या कुठल्याशा बांधकामावरचा. थंडी वाजून दात कडकड वाजत होते. कार्डावर एकच रेघ. डॉक्टर म्हणाले, फ्लू असेल. मी काच केली. दहाव्याच फील्डमध्ये जंतू बसलेला, फुगलेल्या पेशीत पाय पसरून. मी त्यांना बोलावलं. त्यांनी बघितलं, कार्डाबरोबरचा कागद उलगडून वाचला आणि डोक्याला हात लावला. ते कार्ड हिवतापाच्या एकाच जातीला ओळखायचं, जी सगळ्यात मारकी असते तिला. पुण्यात जास्त दिसणारी साधी जात त्याला कळायचीच नाही.

तेव्हापासून लॅबमध्ये माझ्या काचेचा शब्द शेवटचा झाला. कार्ड काहीही म्हणो, डॉक्टर विचारायचे, “मावशी, काच काय म्हणते?” आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू? सातवी शिकलेल्या बाईला डॉक्टर विचारतो, हे मला फार आवडायचं.

मुलाचं लग्न त्याच्या कंपनीतल्याच मुलीशी झालं. आमच्यातलीच, माहेर गडचिरोलीकडचं, भातशेती आणि जंगलाच्या कडेचं गाव. हुशार पोर. शिष्यवृत्तीवर शिकून इंजिनियर झालेली. ती घरात आल्यावर मी विचारलं, “अगं, तू कंपनीत नक्की करतेस काय?”

“टेस्टिंग करते, आई. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढते.”

“त्याचा पगार देतात?”

“देतात ना.”

“मग आजवर मी घरात फुकटच काम केलं म्हणायचं.”

ती खळखळून हसली. मी विचारलं, “आणि चूक सापडलीच नाही तर?”

“तर तसंच लिहायचं, सापडली नाही. चूक नाही असं आम्ही कधीच लिहीत नाही. लिहिलं की दुसऱ्या दिवशी कस्टमरचा फोन येतो.”

मी चपापलेच. म्हटलं, “आमचे म्हातारे डॉक्टर असते तर त्यांनी तुला दत्तक घेतलं असतं.” आणि तिला ती वहीची गोष्ट सांगितली. त्यानंतर आमच्या दोघींचा तो खेळच झाला. दूध उतू गेलं का? आढळलं नाही. माझा चष्मा दिसला का? तुमच्याच डोक्यावर आढळला.

तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यात डोहाळजेवणाला माहेरी गेली आणि दिवाळी करून परतली. आल्यावर बोलता बोलता म्हणाली, “तिकडे दोन दिवस ताप आला होता. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी बोट टोचून कार्ड केलं. मलेरिया निघाला. गोळ्या दिल्या.”

“घेतल्यास ना?”

“घेतल्या.”

मी ‘सगळ्या घेतल्यास का?’ असं विचारलं नाही. लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारते. घरात विचारला नाही.

पुढे तीन आठवडे बरे गेले. मग एका सोमवारी सकाळी तिचं अंग तापलं. डोकं दुखत होतं, पोट ओढल्यासारखं होत होतं. मी तिला माझ्याबरोबरच लॅबमध्ये नेलं. नव्या डॉक्टरांनी कार्ड केलं आणि मी काच रंगवायला घेतली. वीस मिनिटांनी त्यांनी हाक मारली.

“मावशी, इकडे या जरा.”

कार्डावर दोन रेघा होत्या. एक ठळक आणि दुसरी फिकी, पेन्सिल हलकेच ओढावी तशी.

 लगेच माझ्या मनाने उत्तर तयार केलं. तिला तीन आठवड्यांपूर्वी हिवताप होऊन गेला होता. कार्ड काही जंतूला पकडत नाही. जंतू रक्तात जे सोडतो त्याला पकडतं, आणि ते जंतू मेल्यावरही कित्येक दिवस रक्तात राहतं. सुकट भाजली, खाल्ली, भांडी घासून पालथी घातली, तरी घरात वास राहतोच की नाही? तसं. आम्ही लॅबमध्ये याला जुनी सावली म्हणायचो. मी स्वतः अशी माणसं बघितली होती, ठणठणीत बरी झालेली आणि कार्डावर दोन रेघा.

“काच बघते,” मी म्हटलं.

शंभर फील्ड बघितली. मग आणखी शंभर. पातळ थेंब बघितला, जाड थेंब बघितला. एक अंगठी नाही. डॉक्टरांनीही बसून बघितलं. त्यांनाही काही दिसलं नाही.

“तरी मावशी, कार्ड पॉझिटिव्ह आहे. ती गरोदर आहे. औषध सुरू करू या का?”

“अहो डॉक्टर, पोटुशी बाईला उगाच कडक औषध कशाला? जुनी सावली आहे ती. काचेवर काही नाही.”

“नाही?”

“नाही.”

हा तो शब्द. तोंडातून गेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही.

कॉम्प्युटरवर रिपोर्टचा तक्ता होता. मलेरियापुढे एकच चौकोन. त्यात दोनच शब्द बसायचे, पॉझिटिव्ह नाही तर निगेटिव्ह. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या वहीत ‘आढळले नाहीत’ लिहायला जागा होती. या चौकोनात नव्हती. कार्डाचं वेगळं आणि काचेचं वेगळं लिहायलाही जागा नव्हती.

“काय टाकू, मावशी?”

“निगेटिव्ह टाका.”

त्यांनी बटण दाबलं. कागद बाहेर आला.

कार्ड कचऱ्याच्या डब्यात टाकायचं असतं. मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. का ठेवलं, आजही सांगता येत नाही. एवढी खात्री होती तर टाकून का दिलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला हजार वेळा विचारला आहे.

तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मलेरिया निगेटिव्ह. मग लघवीचा संसर्ग असेल असं ठरलं, गोळ्या सुरू झाल्या. मंगळवारी ताप उतरला. मला हायसं वाटलं. तरी मी घरीच तिचं बोट टोचलं आणि लॅबमध्ये जाऊन काच बघितली. पुन्हा काही दिसलं नाही. मी तिला फोन करून सांगितलं, “बघ, म्हटलं नव्हतं?” बुधवारी ताप पुन्हा चढला. तिला जेवण जाईना. मी पेज करून दिली, तीही उलटली. मुलगा म्हणाला, “आई, तू शंभर टक्के बघितलंयस ना?” मी जरा चिडूनच म्हणाले, “माझं आयुष्य गेलं त्यात.”

गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले. डोळे पिवळट दिसत होते. ती सावकाश, एकेक शब्द शोधत बोलली.

“आई, काल संध्याकाळपासून हललं नाही.”

“झोपलं असेल गं.”

“इतका वेळ?”

बाथरूममध्ये गेली तर लघवी कोऱ्या चहासारखी. मुलाने रिक्षा आणली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, पदराने वारा घालत होते. कर्वे रस्त्यावर सिग्नलला रिक्षा थांबली, बाजूला कंपनीची बस उभी होती, खिडकीत मुलं-मुली कानात वायरी घालून बसलेली. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

“आई, तुम्ही स्वतः बघितलं ना काचेत?”

“बघितलं, बाळा.”

“काही नाही ना?”

मला तेव्हाही खरा शब्द वापरता आला असता. मला दिसलं नाही, एवढं म्हणता आलं असतं. पण त्या पोरीच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की मी म्हणाले, “नाही गं. काही नाही.”

हॉस्पिटलात तिला लगेच आत घेतलं. तिथली डॉक्टर वयाने लहान होती, माझ्या सुनेएवढीच. तिने फाइल चाळली, आमचा रिपोर्ट बघितला.

“मलेरिया निगेटिव्ह. हे कशावरून? कार्डावरून की स्लाइडवरून?”

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी पर्स उघडली, रुमाल काढला, कार्ड तिच्या हातात दिलं.

“दोन रेघा आहेत की,” ती म्हणाली.

“दुसरी फिकी आहे,” मी म्हणाले.

“आजी, फिकी असली तरी रेघच असते. रिपोर्टमध्ये हे का नाही?”

मला ते माहीत नव्हतं का? कार्डाबरोबरचा कागद नव्या डॉक्टरांनी मला दोनदा वाचून दाखवला होता. दुसरी रेघ कितीही फिकी असो, रेघच धरायची.  मुलगा म्हणाला, “आई, हे काय आहे? हे तुझ्याकडे होतं?” त्याचा आवाज मी आजवर तसा ऐकला नव्हता.

त्यांनीही बोटाचं रक्त घेतलं. त्यांच्या पहिल्या काचेतही काही सापडलं नाही. पण ती मुलगी थांबली नाही. माहेर कुठलं, ताप कधी आला, गोळ्या कोणत्या, सगळं विचारलं. तेव्हा माझी सून क्षीण आवाजात म्हणाली, “चार गोळ्या एकदम घ्यायच्या होत्या. उलटून पडल्या. मग बाळाला काही होईल या भीतीने पुढच्या घेतल्याच नाहीत.” डॉक्टरने कार्ड टेबलावर ठेवलं आणि नर्सला म्हणाली, “इंजेक्शन आत्ता सुरू करा. काचेची वाट बघायची नाही.”

मला तिने बाजूला घेतलं. मी लॅबमध्ये काम करते हे मुलाने सांगितलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगत होती. म्हणाली, “आजी, पोटुशी बाईत हा मारका जंतू वारेत जाऊन बसतो. वार म्हणजे बाळाला जिच्यातून रक्त मिळतं ती. तिथे गर्दी करतो. बोटाच्या रक्तात येतच नाही, मग काचेत दिसणार कसा? पण त्याने सोडलेलं सगळ्या अंगात फिरतं, ते कार्डाला कळतं. इथे काच चुकते आणि कार्ड बरोबर निघतं.”

म्हणजे घरात वास होता तो उरलेला नव्हता. सुकट आत भाजतच होती. आणि मी अंगणात उभी राहून सांगत होते, चूल थंड आहे.

मग तिने सुनेच्या पोटावर ते ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. उजवीकडे, डावीकडे, खाली. नुसती खरखर येत होती. पुन्हा जेल लावलं, पुन्हा फिरवलं. सून छताकडे बघत होती. मी तिचा पाय धरून उभी होते. शेवटी डॉक्टर हळू म्हणाली, “ठोके सापडत नाहीयेत.”

आता तुम्हाला सांगते, माणूस किती हताश होतं ते. मला त्या शब्दाचा आधार वाटला. सापडत नाहीयेत म्हणाली. नाहीत म्हणाली नाही. मी तिच्या मागे लागले, “नीट बघा ना, डॉक्टर. दुसरं यंत्र आणा. लपलं असेल एका कुशीला. तुम्हाला सापडत नाहीये म्हणजे नाहीच असं थोडंच आहे?” चार दिवस जो शब्द मी पायदळी तुडवला, तोच मी दोन्ही हातांनी धरून बसले. त्यांनी दुसरं, मोठं यंत्र आणलं. पडद्यावर बाळ दिसलं. मला पडद्यातलं काही कळत नाही, पण काहीही हलत नाही एवढं कळलं.

या वेळी डॉक्टरने ‘सापडत नाही’ म्हटलं नाही.

शुक्रवारी दुपारी बाळंतपण झालं. मुलगी होती. केस भरपूर, माझ्या मुलासारखे. सून शुद्धीवर होती पण बोलत नव्हती. तिच्या काविळीचे आकडे, रक्ताच्या बाटल्या, इंजेक्शनं, सगळं चालू होतं. डॉक्टर म्हणाली, आईचा धोका अजून टळलेला नाही. मुलगा बाहेर बाकड्यावर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले, तर तो उठून खिडकीशी गेला. बरोबरच होतं त्याचं.

मी त्या डॉक्टरला एकच मागितलं. म्हटलं, “वारेची काच केली असेल तर मला दाखवाल का?”

ती म्हणाली, “कशाला, आजी?”

“बघू द्या.”

त्यांच्या लॅबमध्ये खिडकी नव्हती, ट्यूबलाइट होता. मी खुर्चीवर बसले आणि डोळा लावला. पहिल्याच फील्डमध्ये अंगठ्या. एका पेशीत एक, एकीत दोन, काळ्या रंगाचे कण पसरलेले. काच सरकवली. तिथेही. आणखी सरकवली. तिथेही. सोमवारपासून मी ज्या एका अंगठीसाठी फील्डमागून फील्ड उलटत होते, त्या सगळ्या इथे दाटीवाटीने बसल्या होत्या, माझ्या नातीच्या आणि तिच्या आईच्या मधल्या भिंतीवर. शंभर मोजायची गरजच नव्हती. तरी मी मोजली. उठवेना म्हणून मोजत राहिले. मग लॅबमधली मुलगी म्हणाली, “आजी, झालं ना?” तेव्हा उठले.

सून वाचली. तेरा दिवसांनी घरी आली. त्याआधीच मी ठरवलं होतं की तिला सांगायचं. मुलगा म्हणाला होता, “नको सांगूस आता, तिला झेपायचं नाही.” खरं तर तो मला वाचवत होता, इतकं रागावूनसुद्धा. पण मी सांगितलं. तिच्या पलंगाशी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, कार्ड, फिकी रेघ, चौकोन, निगेटिव्ह. रिक्षात काय म्हणाले तेही.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “डॉक्टर सोमवारीच औषध देणार होते?”

“हो.”

“तुम्ही नको म्हणालात?”

“हो.”

तिने भिंतीकडे तोंड केलं. तिकडेच बघत म्हणाली, “सापडली नाही आणि नाही, यातला फरक तुम्हीच मला शिकवला होता.”

मी तिला शिकवला नव्हता, तिला तो आधीच माहीत होता. 

मी लॅबमध्ये गेले आणि नव्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बटण मी दाबलं, मावशी.” मी म्हटलं, “हो. तुम्हीही दाबलं.” मग मी सांगितलं, त्या चौकोनाचे दोन चौकोन करा, एक कार्डाचा, एक काचेचा, आणि ‘आढळले नाहीत’ लिहायला जागा ठेवा. त्यांनी ते करून घेतलं. गरोदर बाईच्या कार्डावर दोन रेघा दिसल्या की काच काहीही म्हणो, डॉक्टरांनी ताबडतोब तिच्या डॉक्टरला फोन करायचा, असंही ठरलं. मी आणखी काही वर्षं काचा बघितल्या. हात थरथरायला लागले तेव्हा सोडलं. कोणी विचारतं, काच खरी की कार्ड खरं? मी म्हणते, दोघांनाही विचारा, आणि जे नाही म्हणतंय त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

घरात ती मला ‘आई’ म्हणेनाशी झाली. भांडली नाही, बोलणं टाकलं नाही. “जेवायला वाढलंय.” “किल्ली ठेवलीय.” “गॅस बंद केलाय.” सगळी वाक्यं ‘आई’ काढून घेतलेली. ती कंपनीत परत जायला लागली, सकाळची गाडी पकडायला लागली. आमचा खेळ तर संपलाच होता. माझा चष्मा हरवला की मी गुपचूप शोधायचे.

खूप महिने गेले. एका रविवारी मी भाजी निवडत बसले होते. ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा ओढलेला.

“कणकण वाटतेय,” म्हणाली. “बघा ना, ताप आहे का.”

त्या दिवसांनंतर तिने मला हात लावू दिला नव्हता. मी हात पदराला पुसले. तिच्या कपाळाला लावला, मग मानेला, मग मनगटाला. कपाळ गार होतं. तोंडात शब्द आला होता, नाही गं, काही नाही. कुठलीही आई म्हणाली असती. मी तो गिळला.

“माझ्या हाताला लागत नाहीये,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खालीच बघत होते, मेथीच्या जुडीकडे.

“मग थर्मामीटर आणा,” ती म्हणाली, आणि पुढे आणखी एक शब्द अगदी हळू बोलली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तो शब्द ‘आई’ होता का, मला सांगता येणार नाही. मला ऐकू आला नाही, एवढंच लिहिते.